ट्रॅकवर पळालेली गाडी आणि तिचा भाव

माझा धंदा कापडाचा, तोही भिवंडीतल्या ग्रे कापडाचा. मोटारगाड्यांशी माझा संबंध टेम्पोच्या भाड्यापुरता. तरीही या पानावर मी यावेळी जुन्या स्पोर्ट्स कारच्या सौद्याबद्दल लिहीत आहे, त्याचे कारण घरचे आहे. माझ्या बहिणीचा मुलगा शारजाला गाड्या दुरुस्तीचे काम करतो. जोडीला जुनी गाडी घ्यायची, नीट करायची आणि विकायची, असाही त्याचा थोडा व्यवहार चालतो. गेल्या वर्षी त्याने एक दोन सीटची जर्मन स्पोर्ट्स कार ९५ हजार दिरहमला घेतली. त्यातला अर्धा पैसा माझ्या थोरल्या मुलाचा होता. मुलगा दुबईत नोकरीला आहे, आणि ही रक्कम त्याने घरासाठी बाजूला ठेवलेली होती. मुलाने मला फोनवर विचारले तेव्हा "भाच्याला गाडी कळते, दे," असे मीच म्हणालो. म्हणजे जबाबदारी माझीही झाली.

गाडी दिसायला नवी कोरी. मीटरवर ४२ हजार किलोमीटर. रंग चकचकीत, आतले कातडे न झिजलेले. विकणारा बोलायला सभ्य. भाच्याने इंजिन ऐकले, खाली वाकून तेल गळते का ते पाहिले, रस्त्यावर फिरवून आणली आणि सौदा केला. तीन आठवड्यांनी एक गिऱ्हाईक आले. त्याने गाडी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये तपासायला नेली आणि संध्याकाळी फोन करून सांगितले की गाडी बराच काळ रेसिंगच्या ट्रॅकवर वापरलेली आहे, मला नको. त्याच्या तपासणीचा कागद भाच्याने मला मोबाइलवर पाठवला. तो कागद समजून घेण्यासाठी मी जे विचारले, वाचले, त्याचाच हा लेख आहे. आपल्याकडची पुष्कळ मुले आखातात गॅरेजमध्ये आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याचे नुकसान यामुळे टळले तर चांगलेच.

आधी ट्रॅकवर वापरणे म्हणजे काय ते सांगतो. आपल्याला वाटते की ट्रॅकवर फक्त शर्यतीच्या गाड्या धावतात. तसे नाही. जगातल्या अनेक ट्रॅकवर ठरावीक दिवशी पैसे भरून कोणालाही स्वतःची गाडी पळवता येते. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा जुना मार्ग १९२७ साली सुरू झाला. तो जवळपास २१ किलोमीटर लांब आहे, आणि तिथे आजही सामान्य माणूस फेरीचे पैसे भरून आपली रोजची गाडी घेऊन उतरतो. आखातात दुबई ऑटोड्रोम २००४ पासून आहे आणि अबुधाबीचा यास मरीना २००९ पासून. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट झाले. तेव्हा हौशी मालक सुटीच्या दिवशी गाडी घेऊन ट्रॅकवर जातो, वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या मारतो आणि संध्याकाळी तीच गाडी चालवत घरी येतो. त्यात बेकायदा काही नाही. पण ती वीस मिनिटे गाडीला कशी जातात, हे मीटरला कळत नाही.

हे मला मागाच्या उदाहरणाने लगेच पटले. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडीत आले आणि त्यावर अर्धे गाव उभे राहिले, हे आपण जाणतोच. जुना माग घेताना त्याचे साल कोणी फारसे विचारत नाही. तो एक पाळी चालला की बारा-बारा तासांच्या दोन, त्यावर कोणता माल काढला, तेल घालणारा हात कोणाचा होता, हे विचारतात. क्रँकला हात लावून खेळ किती आहे ते पाहतात. धोट्याची पेटी किती खाल्ली आहे ते पाहतात. गाडीचा मीटर नुसता अंतर मोजतो. ताशी ६० च्या वेगाने अबुधाबीला गेलेले शंभर किलोमीटर आणि ट्रॅकवर इंजिन लाल रेषेपर्यंत ताणून, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून मारलेले शंभर किलोमीटर, मीटरवर दोन्ही शंभरच दिसतात.

आधी झिजते ते

सर्वांत आधी ब्रेक जातात. मोठ्या वेगातून गाडी पुन्हा पुन्हा थांबवली की डिस्क तापून लाल होते, पॅड खाल्ले जातात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ४ दर्जाचे नवे ब्रेक ऑइल कमीत कमी २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे बंधन आहे. पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल पायाखाली मऊ पडते. म्हणून नियमाने ट्रॅकवर जाणारा शहाणा मालक वर्षातून एकदा तरी, बऱ्याचदा त्याहून लवकर, ब्रेक ऑइल बदलतो. त्याची बिले असतील तर गाडी ट्रॅकवर गेली होती याचा तो पुरावा आहे आणि मालक काळजी घेणारा होता याचाही.

महाग गाड्यांना सिरॅमिक डिस्क असतात. रस्त्यावर त्या फार वर्षे टिकतात. ट्रॅकच्या उष्णतेत मात्र त्यांच्यातला कार्बन जळत जातो आणि डिस्क हलकी होते. डोळ्यांना जाडी तेवढीच दिसते, वजन कमी झालेले असते. पोर्शेच्या सिरॅमिक डिस्कवर किमान वजन कोरलेलेच असते. डिस्क काढून काट्यावर ठेवली की ती किती संपली ते समजते. कापडवाल्याला हे नवीन नाही. ताग्याची लांबी बरोबर असते आणि वजन उतरते, तेव्हा सूत बदलले आहे हे आपण ओळखतो. या डिस्कचा पूर्ण संच बदलायचा तर खर्च एवढा येतो की त्या पैशात साधी जुनी गाडी येईल. त्यामुळे हुशार मालक सिरॅमिक डिस्क काढून घरी खोक्यात ठेवतात आणि ट्रॅकसाठी लोखंडी लावतात. विक्रीच्या वेळी खोके सोबत असेल तर भाव टिकतो.

टायर पुष्कळ बोलतात. रस्त्यावरचा टायर मधोमध किंवा सारखा झिजतो. ट्रॅकवरच्या टायरचे बाहेरचे खांदे खाल्लेले असतात आणि रबरावर बारीक लाटा उठलेल्या दिसतात. ट्रॅकवर पडलेले रबराचे तुकडे गरम टायर उचलतो आणि ते चाकाच्या वरच्या खोबणीत आतून चिकटून राहतात. गाडी कितीही धुतली तरी तिथे कोणी हात घालत नाही. भाच्यानेही घातला नव्हता. त्या गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने घातला आणि काळ्या गोळ्या काढून दाखवल्या. टायरच्या कडेवर चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि साल असते. ४२ हजार किलोमीटरच्या गाडीवर टायरचा तिसरा जोड असेल तर आधीचे दोन कुठे गेले, हे विचारायला हवे.

बाकीच्या खुणा लहान आहेत. पुढच्या भागावर आणि काचेवर खड्यांचे जादा टिचके, ओढण्याचा हूक ज्या भोकात बसवतात तिथले झाकण उघडून झालेले ओरखडे, सीटच्या मागे जादा पट्टे लावल्याच्या बोल्टच्या खुणा, चाकाच्या रिमला आतून बसलेला मार. एकट्या खुणेवरून काही सिद्ध होत नाही. चार एकत्र आल्या तर चौकशी करावी.

इंजिनाच्या पोटातला हिशेब

आता त्या कागदाविषयी. पोर्शेच्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर एक नोंद ठेवतो. इंजिन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फिरले, तर ते किती जास्त फिरले त्याचे सहा टप्पे केलेले आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात किती वेळा ठिणगी पडली ते मोजले जाते. जुन्या मॉडेलांत टप्पे दोनच होते. शेवटची घटना इंजिनाच्या कितव्या तासाला घडली, तेही लिहिलेले असते. मालकाला हे डॅशबोर्डवर दिसत नाही. वर्कशॉपचे यंत्र जोडले की छापून येते.

आकडे पाहून मी प्रथम घाबरलो. कागदावर पहिल्या टप्प्यात हजारो लिहिलेले होते. पण हिशेब मांडल्यावर चित्र वेगळे दिसले. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला तीन ठिणग्या पडतात. मिनिटाला साडेसात हजार फेरे म्हणजे साडेबावीस हजार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला ३७५. तेव्हा पहिल्या टप्प्यातले ३,७५० म्हणजे एकूण दहा सेकंद, तेही साऱ्या आयुष्यात मिळून. जोरात गाडी पळवताना लाल रेषेला हात लागला, एवढाच त्याचा अर्थ. तिथे लिमिटर पेट्रोल तोडतो आणि इंजिन वाचवतो. धास्ती घ्यावी ती वरच्या टप्प्यांची, चौथ्या, पाचव्या, सहाव्याची. तिथे शे-दोनशेचा आकडा, म्हणजे अर्धा सेकंदही, प्रश्न उभा करतो.

कारण तिथे लिमिटर काही करू शकत नाही. हाताने गिअर बदलायच्या गाडीत चालक चौथ्यातून पाचवा टाकायला जातो आणि घाईत तिसरा पडतो. चौथ्यात इंजिन सात हजारांवर फिरत असेल आणि तिसऱ्याचे दाते सव्वापट असतील, तर क्लच सोडताच चाके इंजिनाला ओढून पावणेनऊ हजारांवर नेतात. पेट्रोल तोडून उपयोग नसतो, कारण आता इंजिन पेट्रोलवर नाही, गाडीच्या वेगावर फिरते आहे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या लवकर परत येऊ शकत नाहीत, व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि पिस्टन येऊन त्याला थडकतो. किंवा कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले जातात. त्या दिवशी काहीच होत नाही, गाडी घरी येते, आणि पुढे कधीतरी, दुसऱ्याच मालकाच्या हातात, मोडते. आपोआप गिअर बदलणाऱ्या नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असा गिअर पडूच देत नाही. त्यामुळे ही चिंता मुख्यतः हाताच्या गिअरवाल्या गाड्यांची, आणि शौकिनांत हल्ली मागणी नेमकी त्यांनाच आहे.

तासाचा आकडा मात्र दिलासा देऊ शकतो. ती घटना होऊन इंजिन आणखी दोन-तीनशे तास चालले असेल, तर मोडायचे असते ते बहुधा मोडले असते. आमच्या गाडीत चौथ्या टप्प्यात २१० होते आणि त्यानंतर इंजिन जेमतेम ४० तास चाललेले. म्हणजे गिअर चुकला आणि थोड्याच दिवसांत गाडी विकायला निघाली. विकणाऱ्याला हे ठाऊक असणारच. भाच्याने विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

जपानी कंपन्यांचा मार्ग निराळा आहे. निसानची जीटी-आर जपानमध्ये डिसेंबर २००७ मध्ये विक्रीला आली. तिथे गाड्या ताशी १८० च्या वर जाऊ नयेत म्हणून लिमिटर असतो. या गाडीतला नकाशा आपण ट्रॅकवर आहोत हे ओळखतो आणि तेवढ्यापुरता तो लिमिटर उठवू देतो. मात्र त्यानंतर कंपनीच्या खास केंद्रात तपासणी करून घ्यावी लागते, नाहीतर वॉरंटीवर गदा. याउलट ऑस्ट्रेलियात ह्युंदाईने आपल्या एन गाड्यांना, शर्यत नसेल तर, ट्रॅकवरही वॉरंटी दिली. कंपनी स्वतः असे म्हणते तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाची भीती निम्म्याने कमी होते.

विम्याचेही सांगून ठेवतो. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत वापराच्या अटींत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. परदेशातही बहुतेक ठिकाणी ट्रॅकसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. म्हणून ट्रॅकवर ठोकलेली गाडी पुष्कळदा विम्याच्या दप्तरात येतच नाही. मालक खिशातून दुरुस्त करतो आणि अपघाताचा दाखला काढला तर कोरा येतो. कोरा दाखला पाहून निर्धास्त होऊ नये.

भाव का पडतो, आणि कधी चढतो

भाव पडतो तो झिजेच्या खर्चामुळे कमी, आणि गिऱ्हाइके घटल्यामुळे जास्त. पॅड, टायर, ऑइल यांचा खर्च मोजता येतो, तेवढा भावातून वजा होतो. पण वरच्या टप्प्यात आकडा असलेली गाडी कंपनीचा शोरूम आपल्या प्रमाणित जुन्या गाड्यांत सहजी घेत नाही, वाढीव वॉरंटी मिळणे कठीण होते, आणि शोभेसाठी गाडी घेणारा श्रीमंत पाठ फिरवतो. उरतात ते स्वतः ट्रॅकवर जाणारे. ते मोजके असतात, त्यांना सगळे कळते, आणि ते घासाघीस करतात.

मात्र त्यांचा एक विचार मला पटला. दहा वर्षे गोदामात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा, दर दोन-चार ट्रॅक दिवसांनी तेल बदललेली आणि बिलांची फाइल असलेली गाडी त्यांना बरी वाटते. उभ्या गाडीची रबरी सीले सुकतात, टायर कडक होतात, तेल खाली बसते. बंद पडलेला माग घेणारा माणूसही चालता माग पाहून मागतो. पोर्शे जीटी३ सारखी गाडी तर बनलेलीच ट्रॅकसाठी आहे. ती कधीच गेली नसेल असे मानणारा गिऱ्हाईक भोळा.

आणि याच ट्रॅकने एखाद्या गाडीचे मोल आभाळाला नेलेले आहे. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाच्या अवघ्या ३६ गाड्या बनवल्या. त्यातली एक २०१८ मध्ये अमेरिकेत ४ कोटी ८४ लाख डॉलरला लिलावात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला त्याच घराण्यातली दुसरी ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. ही दुसरी गाडी १९६२ साली त्याच नुर्बुर्गरिंगवर कंपनीतर्फे शर्यतीत धावली होती, आणि किंमत आली त्यात तिच्या धावण्याचा मोठा भाग आहे. तिचा प्रत्येक मालक, प्रत्येक शर्यत नोंदलेली आहे. आमच्या गाडीचे धावणे लपवलेले होते.

त्या कागदानंतर भाचा चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी फोन आला. म्हणाला, "मामू, गाडी चालते चांगली. पुढच्या माणसाने विचारलं नाही तर मी कशाला सांगू? मला कोणी सांगितलं?" मी लगेच उत्तर दिले नाही. मुलाचे पैसे अडकलेले होते, आणि खरे सांगायचे तर तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मग मी त्याला विचारले, "माझ्या दुकानात ताग्यात ऐब निघाला तर मी काय करतो, तू लहानपणी पाहिलं आहेस ना?" तो पाहत बसायचा. ऐब असेल तिथे आम्ही किनारीला दोरा बांधतो आणि तेवढ्या मिटरची सूट देतो. दोरा कापून माल पुढे ढकलणारे बाजारात आहेत, त्यांची नावेही बाजाराला माहीत आहेत. तो म्हणाला, "कापडाच्या ऐबाला सूट मीटरवर मिळते मामू, इथं अख्खी गाडी पडून राहील." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

शेवटी असे ठरले की आधी इंजिनाची खरी स्थिती काढायची. सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजले, स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून आत पाहिले, तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूची चमक आहे का ते तपासले. सहाही सिलिंडर जवळपास सारखे निघाले, पिस्टनवर मार नव्हता, फिल्टर स्वच्छ. यावर १,६०० दिरहम गेले. पुढच्या डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल, टायर आणि चाकांची अलाइनमेंट यांना ९,४०० लागले. मग जाहिरातीतच लिहिले की गाडी ट्रॅकवर वापरलेली आहे, रिपोर्ट पाहायला मिळेल. दोन महिने कोणी फिरकले नाही. जे आले त्यांनी ७० हजारांच्या गोष्टी केल्या. भाचा मला रोज ऐकवत होता.

नंतर एक लेबनानी इंजिनिअर आला. तो स्वतः दुबई ऑटोड्रोमला जाणारा. त्याने रिपोर्ट वाचला, तासांचा हिशेब मांडला, कॅमेऱ्याचे फोटो पाहिले, फिल्टरचे तुकडे मागून घेतले आणि ८४ हजार दिले. सगळा खर्च १ लाख ६ हजार होता. म्हणजे २२ हजारांची खोट, मुलाच्या वाट्याला ११ हजार. मुलाने मला काही म्हटले नाही, त्याच्या आईने म्हटले.

सहा महिन्यांनी त्याच इंजिनिअरने आपला एक मित्र भाच्याकडे गाडी तपासून घ्यायला पाठवला. तपासणीचे पैसे घेऊन काम करण्याची ही त्याची पहिली वेळ होती. आता महिन्याला अशा चार-पाच गाड्या येतात. चाकाच्या खोबणीत हात घालून तो आधी रबराच्या गोळ्या शोधतो, मग यंत्र जोडतो, आणि बॉनेट सर्वांत शेवटी उघडतो.